न रागावणारे मास्तर

आमच्या पिढीच्या शब्दकोशात 'मास्तर' या शब्दाचा पहिला अर्थ 'रागावणारा माणूस' असा होता. विद्या देणे हे त्याचे जोडकाम. पोस्टमन पत्र आणतो, न्हावी केस कापतो, तसे मास्तर रागावतात, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. उलट एखादे मास्तर आठवडाभर रागावले नाहीत, तर त्यांच्या प्रकृतीची चौकशी होई. पोराला शाळेत घालताना बाप हेडमास्तरांना सांगे, 'चामडी तुमची, हाडं आमची.' आमच्या देहाची अशी बिनतक्रार वाटणी झाली, की मगच पाटीवर पहिले अक्षर उमटे.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाच्या घरी एक न रागावणारे मास्तर येऊन राहिले, तर त्याची काय अवस्था होईल याची कल्पना करा. 'येऊन राहिले' हे मी नागपुरी अर्थाने म्हणत नाही. नागपुरात 'येऊन राहिले' म्हणजे अजून वाटेत आहेत. हे मास्तर खरोखरच आले आणि राहिले.

त्याचे असे झाले, की मुलगी आणि जावई बदलीमुळे पुण्याला गेले आणि दहावीचे वर्ष मोडायला नको म्हणून नात आमच्याकडे धरमपेठेत राहिली. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीला उघडतात. शाळा उघडली त्याच आठवड्यात जावयांचा फोन आला, 'बाबा, तिच्यासाठी एक ए.आय.चा प्लॅटफॉर्म घेतलाय.' प्लॅटफॉर्म म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे नागपूर स्टेशन उभे राहते. तो 'घेतलाय' म्हटल्यावर मला क्षणभर रेल्वेच्या भवितव्याची काळजी वाटली. मग उलगडा झाला, की हा प्लॅटफॉर्म फोनमध्ये मावतो. त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक 'टीचिंग असिस्टंट' असतो, तो अभ्यास घेतो, सरावाला गणिते घालतो, आणि गणित कोणत्या पायरीवर घसरले तेही दाखवतो.

"असिस्टंट? मग मुख्य मास्तर कुठे आहेत?" मी नातीला विचारले.

"आबा, मुख्य कोणी नसतं," ती म्हणाली.

हे वाक्य मला तेव्हा नुसते गमतीचे वाटले होते. पुढे त्याने माझी बरीच झोप खाल्ली.

या मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी आहे. ते उत्तर सांगतच नाहीत. 'हे दोन त्रिकोण समरूप आहेत का?' असे विचारले, की ते उलट विचारतात, 'तुला काय वाटतं? त्यांचे कोणते कोन सारखे दिसतात?' पहिल्या दिवशी मला वाटले की त्यांनाच येत नसावे. प्रश्नाला प्रतिप्रश्न करणे ही आमच्या काळी वेळ मारून नेण्याची युक्ती होती. पण नाही, अमेरिकेतल्या खान अकॅडमीने २०२३ च्या मार्चमध्ये 'खानमिगो' नावाचा असा मदतनीस काढला, तोही हेच करतो. पुढे बड्या कंपन्यांनीही हीच रीत उचलली. घोड्याला पाण्यापर्यंत न्यायचे, पण पाणी त्यानेच प्यायचे.

आणि धीर तर इतका, की विचारू नका. नातीने एकच शंका पाच वेळा विचारली. पाचव्या वेळीही मास्तर म्हणाले, 'छान प्रश्न विचारलास! चल, आता वेगळ्या रीतीनं पाहू.' आमच्या शाळेत पहिल्याच खेपेला 'बस खाली' असे उत्तर मिळत असे, आणि तेच अंतिम मानले जाई.

मी एकदा मास्तरांची परीक्षा घेतली. नातीकडून फोन मागून विचारले, 'सांबारवडीत सांबार किती घालावा?' मास्तरांनी अतिशय शुद्ध मराठीत तुरीची डाळ, शेवग्याच्या शेंगा आणि चिंचेचा कोळ यांचे माप दिले. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नातीने ते लिहून कळवले. मास्तर तत्काळ म्हणाले, 'क्षमा करा, तुमचं अगदी बरोबर आहे.' मला भरून आले. आयुष्यात मला भेटलेल्या मास्तरांपैकी, साहेबांपैकी आणि वडीलधाऱ्यांपैकी एकानेही हे वाक्य मला उद्देशून उच्चारलेले नाही. मग हळूच एक शंका आली. ज्याला हे वाक्य उच्चारताना घशाशी काहीच अडकत नाही, त्याच्या त्या वाक्याची किंमत किती?

ही शंका मी आमच्या प्रोफेसरसाहेबांपुढे मांडली. हे तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले माझे मित्र. सकाळी आम्ही महाराजबागेत फिरतो आणि मग आमच्याकडे चहा होतो. प्रोफेसरसाहेब कपबशी खाली ठेवून म्हणाले, "हे पाहा, धीर म्हणजे काय? आलेला राग गिळणं. ज्याला राग येतच नाही त्याचा कसला आलाय धीर? तो सद्गुण नव्हे. कुलर थंड हवा देतो म्हणून त्याला कोणी प्रेमळ म्हणत नाही."

मी मान डोलावणार, तेवढ्यात सौ. पोह्यांच्या बश्या घेऊन आली. "भाऊजी," ती म्हणाली, "मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कुलर लावता, तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे विचारत बसता का? हवा थंड लागते ना? मग झालं!"

तत्त्वज्ञानातला एक फार जुना वाद आमच्या ओसरीवर अशा रीतीने दोन मिनिटांत मांडून झाला. चांगल्या कृत्याचे मोल करणाऱ्याच्या मनावरून ठरवायचे, की ज्याच्या पदरात ते पडते त्याच्या सुखावरून? प्रोफेसरसाहेब पोहे खाऊ लागले. चांगली तर्री पडली, की ते वाद घालत नाहीत.

सौ.च्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. साठ पोरांच्या वर्गात मास्तरांनी 'समजलं का?' म्हटले, की साठ माना हलत. त्यांतल्या पन्नास तरी खोट्या असत. न समजल्याची लाज ही न समजण्याहून मोठी असते. आमची नात वर्गात हात वर करायची नाही. 'सगळ्या हसतात' म्हणायची. तीच आता फोनला निःसंकोच विचारते, की वर्गमूळ म्हणजे नक्की काय. दहावीतल्या मुलीने ते विचारणे मला थोडे चिंताजनक वाटले, ही गोष्ट वेगळी. पण विचारले तर खरे! ज्याच्यापुढे लाज वाटत नाही असे कोणी मिळणे, हे काही थोडे नव्हे.

यंत्राकडून शिकण्याची कल्पना तशी आजची नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात चार कळांचे एक यंत्र केले होते. बरोबर कळ दाबली तरच पुढचा प्रश्न येई. शिवाय त्याला एक जोडणी होती, तीतून बरोबर उत्तरांबद्दल गोळी बाहेर पडे. मास्तरांकडून छडीऐवजी गोळी मिळण्याचा हा पहिला प्रसंग असावा. पुढे हार्वर्डचे बी. एफ. स्किनर, ज्यांनी कबुतरांना पिंगपाँग शिकवले होते, ते १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. मुलांना आपले उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळत नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनीही शिकवण्याचे यंत्र बनवले. कबुतरांची प्रगती पाहता मुलांबद्दल त्यांना आशा वाटणे स्वाभाविक होते.

मग १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी गप्पा मारणारा एक प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. समोरच्याचेच वाक्य फिरवून त्याला प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. तरी वायझेनबाम यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलण्यात इतकी रंगली, की तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. या प्रोग्रॅमचे नाव 'एलायझा'. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली ती फुलवाली. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी'त तिलाच मराठीत मंजुळा केली. म्हणजे आज जे फोनमध्ये मास्तर होऊन बसले आहेत, त्यांच्या खापरपणजीचे नाव एका विद्यार्थिनीवरून ठेवलेले होते. आणि त्या नाटकातले भांडण तरी कशावरून आहे? शिकवून तयार केलेली पोर विचारते, की या सगळ्यात मी कोण? आणि प्रोफेसरांना तो प्रश्नच कळत नाही.

हे लोण आता अगदी आमच्या वेशीपर्यंत आले आहे. नागपूरजवळ हिंगणा तालुक्यात वडधामना येथे २०२५ च्या जुलैत कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिलेली अंगणवाडी सुरू झाली. देशातली ही अशी पहिलीच, असे तेव्हा सांगण्यात आले. तीन-चार वर्षांची चिमुरडी डोळ्यांवर भलेमोठे चष्मे चढवून काय काय बघतात, याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. मी ती बारकाईने पाहिली. शेजारी अंगणवाडीच्या ताई होत्याच. शेंबूड पुसणारे यंत्र अजून निघायचे आहे.

थट्टा पुरे. मुळात स्वतःचा वेगळा मास्तर असणे ही श्रीमंतांची चैन होती. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडले, की सामान्य मुलाला एकट्याला शिकवणारा चांगला शिक्षक मिळाला, तर तो वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. पुढच्या संशोधकांना इतका मोठा फरक दिसला नाही, पण फायदा होतो याबद्दल वाद नाही. राजेमहाराजांना हे ब्लूमच्या आधीपासून ठाऊक होते. हस्तिनापूरच्या राजपुत्रांना द्रोणाचार्यांचा खास क्लास होता, आणि प्रवेश कोणाला द्यायचा हे ठरलेले होते.

ज्याला प्रवेश नाकारला त्या एकलव्याने रानात जाऊन द्रोणांचा मातीचा पुतळा केला आणि त्याच्यापुढे सराव सुरू केला. हा पुतळा कधी रागावला नाही. कधी रजेवर गेला नाही. त्याने एकाही प्रश्नाचे उत्तर थेट दिले नाही, विद्यार्थ्यालाच शोधायला लावले. जावयांनी घेतलेल्या प्लॅटफॉर्मची सगळी लक्षणे त्याच्यात होती, वर्गणी तेवढी नव्हती. ती वसूल करायला मागाहून खरे द्रोणाचार्य आले. ज्याने शिकवले त्या मातीने काहीच मागितले नाही, आणि ज्याने शिकवले नाही त्याने उजव्या हाताचा अंगठा मागितला! आम्हांला शाळेत ही गोष्ट गुरुभक्तीचा धडा म्हणून सांगत. नातीला मी सांगितली, तर ती म्हणाली, "हा तर सरळ अन्याय आहे, आबा." मला त्यावर काही बोलता येईना, कारण तो सरळ अन्यायच आहे. एकलव्याचा अंगठा गेला. आमची नात फोनवर सबंध भूमिती अंगठ्यानेच शिकते. 'अंगठेबहाद्दर' या शब्दाचा अर्थ आता कोशकारांना बदलावा लागणार.

पण त्या गोष्टीतला एक प्रश्न मात्र मला सोडीना. पुतळ्याकडून शिकलेल्याने देणे कोणाचे लागते?

आम्हांला हे सोपे होते. महालातल्या आमच्या शाळेत गणिताचे एक मास्तर होते. वर्गात ते इतके ओरडत, की दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसलेला असे आणि मग ते खुणांनी रागावत. पण ज्यांच्यावर ते जास्त रागावत, त्यांनाच संध्याकाळी घरी बोलवीत. ओसरीवर कंदील ठेवून तेच प्रमेय पुन्हा पहिल्यापासून. फीचे नाव काढलेले खपत नसे. मार्चमध्ये मृग बहाराची संत्री आली, की आमचे वडील त्यांच्याकडे एक टोपली पाठवीत. मास्तर त्यांतली अर्धीअधिक आम्हां पोरांतच वाटत आणि साली आमच्याकडूनच गोळा करून घेत. त्या बसलेल्या घशाची भरपाई टोपलीभर संत्र्यांनी होत नाही, हे आम्हांला तेव्हाही कळत होते. म्हणून तर अजून ते आठवतात. देणे बाकी असले, की माणूस विसरत नाही.

फोनमधल्या मास्तरांचा घसा बसत नाही. नात त्यांना धडा संपला की 'थँक यू' म्हणते. बदामाचे दूध घेऊन उभ्या असलेल्या आजीला 'ठेव ना तिथं' म्हणते. मी हे प्रोफेसरसाहेबांना सांगितले, तर ते म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? ज्याचं काही जात नाही त्याचे आभार, आणि जिचे पाय दुखतात तिच्यावर डाफरणं!" या खेपेला सौ. काही बोलली नाही. दुधाचा रिकामा पेला मात्र तिने जरा जोरातच आपटला.

तरीही नुसते 'यंत्राचे कसले ऋण' म्हणून हात झटकणे मला जमेना. कारण या मातीच्या पुतळ्यात माती कुठली आहे, हे पाहायला नको का? या यंत्राला जे येते ते माणसांनी लिहिलेले वाचूनच येते. कोणी रात्री जागून विकिपीडियावर मराठीत लेख लिहिला, पैसा न घेता. कोणी अनोळखी पोराची शंका वाचून त्याला दहा ओळींत भागाकार समजावून दिला. कोणा मास्तरांनी आपली सोडवलेली गणिते सगळ्यांसाठी खुली ठेवली. अशा लाखो लोकांच्या शब्दांची ही माती. तिच्यातल्या बहुतेकांना कोणी विचारलेही नाही, की बाबांनो, तुमचे घेऊ का? अमेरिकेत लेखकांनी त्यावरून २०२३ पासून कोर्टात दावे लावले आहेत. वर्गणी जाते कंपनीला. ती द्रोणाचार्यांची जागा. आणि ज्यांची माती, ते आपापल्या गावी निवांत, आपण कोणाचे मास्तर झालो याची गंधवार्ता नसलेले.

नातीचे 'मुख्य कोणी नसतं' हे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले. मुख्य कोणी नसते हे खरे. पण मुख्य नसलेले फार असतात.

आपल्या जुन्या लोकांनी अशा देण्याला एक नाव देऊन ठेवले आहे. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो म्हणतात : देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. यांतले ऋषिऋण मला नेहमी मोठे शहाणपणाचे वाटत आले. ऋषी पूर्वीच होऊन गेले. त्यांना दक्षिणा नेऊन द्यावी म्हटले, तर पत्ता नाही. म्हणून ते फेडायचे अभ्यास करून. मी त्यात 'आणि शिकवून' एवढी भर घालतो. मागच्यांचे पुढच्यांना द्यायचे, मनीऑर्डर उलटी पाठवायची सोयच नाही. मास्तर कंदिलाजवळ बसले ते काही आमच्या संत्र्यांसाठी नव्हे. त्यांनाही कोणीतरी कंदील दाखवला असणार.

हे सगळे मी डोक्यात जुळवत होतो, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक निराळाच वर्ग भरू लागला होता. आमच्याकडे पोळ्या करायला बाई येतात, त्यांची मुलगीही दहावीला आहे. शंकरनगरपासून लक्ष्मीभुवन चौकापर्यंत क्लासच्या पाट्या मोजत गेले तर मोजणारा थकतो, पण त्यांतली एकही फी बाईंच्या आवाक्यातली नाही. मुलगी आईबरोबर येते आणि पोळ्या होईपर्यंत बसते. नात प्रथम तिला आपला फोनच देत असे. 'विचार काय विचारायचं ते.' ती विचारीही. चार-सहा दिवस गेल्यावर एकदा नात तिच्याजवळ बसली आणि स्वतःच समजावू लागली. दुपारी आतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी डोकावलो.

"अगं, कितीदा सांगू तुला? कोन आधी बघ, बाजू नंतर! लक्ष कुठे आहे तुझं?"

आवाज नातीचा, पण सूर थेट महालातला.

ती मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, तुमचा फोन तर कधीच रागवत नाही. तुम्ही काहून इतक्या रागावून राहिल्या?"

"त्याचं काय जातंय?" नात म्हणाली. "तो थोडाच येणार आहे तुझा निकाल बघायला!"

बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच कसेसे झाले असावे. ती उठून फ्रिजपर्यंत गेली, पाणी प्यायली, परत आली आणि खाली फतकल मारून बसली. "बरं, चल. पुन्हा पहिल्यापासून." ते प्रमेय त्या दुपारी तीन वेळा पहिल्यापासून झाले. तिसऱ्या वेळी बाईंच्या पोळ्या होऊनही गेल्या होत्या, तरी त्या ओट्याला टेकून उभ्याच होत्या.

प्रोफेसरसाहेबांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "याला म्हणतात धीर. गिळलेला राग." सौ. म्हणाली, "पण तिला आधी ते समजलं कोणामुळे?" दोघांचेही बरोबर होते. यंत्राने नातीची लाज घालवली, म्हणून ती शिकली. आणि शिकली, म्हणून तिला कोणावर तरी रागावण्याचा अधिकार आला. हवा कुलरचीच, पण कुलरसमोरची आपली जागा दुसऱ्याला द्यायची तर उठावे आपल्यालाच लागते. ते काम कुलर करीत नाही.

सध्या आमच्या घरात दोन मास्तर आहेत. एक कधीच रागावत नाहीत, त्यांची वर्गणी दरमहा पुण्याहून आपोआप कापली जाते. दुसरे मास्तर फार रागावतात. त्यांच्या दक्षिणेची काहीच सोय नव्हती, म्हणून काल मी सीताबर्डीवरून येताना अर्धा किलो संत्राबर्फी आणली. मास्तरांनी त्यातली अर्धीअधिक शिष्येला दिली आणि रिकामा डबा मला उचलायला लावला.